साहेबांच्या टेबलावरच्या खुणा

आपण तोंड उघडणार नाही, असं आत्यानं फाटकापाशीच जाहीर केलं. ते जाहीर करता करता तिकिटं काढून झाली, पिशव्या कपाटात ठेवून झाल्या, सगळ्यांच्या बुटांवर कापडी खोळी चढल्या, तरी तिचं जाहीर करणं चालूच होतं.

"एक अक्षर बोलणार नाही मी. मागच्या स्थळाला तरी काय बोलले होते? मुलीच्या बापाच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय, एवढंच म्हटलं. उतरलाच होता! त्यावरून कुणी स्थळ मोडतं का?"

"मोडलं ना," मास्तर म्हणाले.

"बरं झालं मोडलं. तसल्या कोटात लग्नातले फोटो काय आले असते!"

"वन्सं, पाय इकडं करा," मास्तरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. "खोळ उलटी घातलीय तुम्ही."

"मी नाही उलटी घातली, शिवणाऱ्यानं उलटी शिवलीय. हा बघ दोरा. बाळ, बघ रे, असलं काम आपल्या दुकानात..." इथं बॉबिननं तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिनं दोन्ही ओठ आत ओढले आणि मान डोलावली.

बॉबिन म्हणजे मास्तरांचा धाकटा. लहानपणापासून मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात मशीनभोवती गरागरा फिरायचा म्हणून पडलेलं नाव, ते आता तिशीतही सुटत नव्हतं. पुढच्या दोन दातांमधली फट बुजवून घ्यायला म्हणून तो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला होता. त्या म्हणाल्या, फट छान आहे, राहू द्या. तिथंच बिचाऱ्याचा निकाल लागला. ही फट खरं तर घराण्याची. मास्तरांच्या वडिलांना, म्हणजे आबांना होती, मास्तरांना आहे, आणि तिच्यापायी मास्तर आयुष्यभर तोंड मिटूनच हसत आले होते.

डॉक्टरीणबाईंना आई नव्हती. वडील या बंगल्याचे क्युरेटर. गोऱ्या साहेबांचं राज्य गेलं, साहेब गेले, बंगला सरकारकडे आला आणि त्याचं संग्रहालय झालं. मुलीचे वडील म्हणाले, आधी बंगला बघा, मग वर चहा घेऊ, मग बोलू. हे 'मग बोलू' बॉबिन सकाळपासून मनात घोळवत होता.

"आत्या, तुझ्या पाया पडतो," तो म्हणाला. "आज फक्त बघायचं."

"अरे, बघतेच आहे!"

*

क्युरेटर बारीक चणीचे, स्वच्छ दाढीचे, आणि बोलताना वस्तूंना हात न लावता नुसता जवळ नेणारे गृहस्थ होते. त्यांनी जेवणघर दाखवलं, पियानो दाखवला, साहेबांची पितळी आंघोळीची कढई दाखवली. प्रत्येक ठिकाणी लाल दोरी होती आणि एक पाटी होती. मागून डॉक्टरीणबाई येत होत्या. लहानपणापासून ऐकलेली सगळी वाक्यं त्या वडिलांच्या आधी मनात म्हणत असाव्यात, कारण त्यांचे ओठ मधूनमधून हलत होते.

मास्तरीणबाईंना बंगला मनापासून आवडला. एवढ्या खोल्या, आणि एकीतही कापडाच्या चिंध्या नाहीत! त्यांचं अख्खं आयुष्य चिंध्या गोळा करण्यात गेलं होतं. व्याही माणूस बरा वाटला, मुलगी तर सोन्यासारखी, आणि वन्संनीही एवढ्या वेळात फक्त खोकून दाखवलं होतं. साहेबांच्या कपड्यांच्या खोलीत पुतळ्याला घातलेल्या कोटापुढं उभं राहून त्या फार जोरात खोकल्या, पण खोकल्यानं स्थळ मोडत नाही.

"आणि ही साहेबांची अभ्यासिका," क्युरेटर दार उघडत म्हणाले. आवाज एकदम हळू झाला. "इथं जे आहे, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाग्य."

दार उघडलं आणि मास्तरीणबाई उंबऱ्यातच थांबल्या.

खोलीच्या मधोमध, लाल दोरीच्या आत, वरून दिव्याचा झोत सोडून, आबांचं कापड कापायचं टेबल उभं होतं.

झालं! त्यांनी पहिल्यांदा वन्संकडे पाहिलं. वन्सं टेबलाकडे बघत होत्या. मग वन्संनी मान वळवली आणि भावजयीकडे पाहिलं. तोंड न उघडता, नुसत्या ओठांच्या हालचालीनं, त्यांनी एकच शब्द काढला.

"वाळवी?"

आबांचं टेबल वाळवीनं पार पोखरलं, म्हणून मोडीत काढावं लागलं, असं मास्तरीणबाईंनी घरात सांगितलं होतं. वन्सं तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात होत्या. डोळ्यावरची पट्टी सुटली, घरी आल्या, आणि बघतात तर टेबलच नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं चालू होतं खरं, पण ते मीठ दे, दार लाव, एवढ्यापुरतंच.

"साहेब इथं बसून सगळा मुलूख चालवत," क्युरेटर सांगत होते. "ही कड बघा. सारख्या अंतरावर खाचा आहेत. साहेब नकाशे पसरून या खाचांवर अंतरं मोजत असत."

मास्तरांचा हात आपोआप पुढं गेला आणि दोरीपाशी थांबला. त्या खाचा आबांनी पटाशीनं पाडल्या होत्या, एकेका इंचावर. टेप गळ्यात असताना टेबलावर कशाला, असं कुणी विचारलं की आबा म्हणत, टेप खोटं बोलते, लाकूड नाही बोलत.

"आणि हा काळा डाग. बंडाच्या रात्री जमाव इथवर आला होता. एक पेटता पलिता खिडकीतून आत पडला."

आत्याच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. तो डाग इस्त्रीचा होता. नवी नवरी घरात आली, आणि पहिल्याच आठवड्यात गरम इस्त्री टेबलावर ठेवून रस्त्यातलं भांडण बघायला दारात धावली. आत्याकडून ही गोष्ट आजवर हजारदा तरी सांगून झाली असेल. आता मास्तरीणबाई म्हणजे सरकारदरबारी बंड होत्या.

"आता खाली बघा, ही आडवी दांडी," क्युरेटर वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर माया दाटून आली. "लोकांना हे फार आवडतं. शाळेची मुलं तर इथून हलत नाहीत. या दातांच्या खुणा साहेबांच्या लाडक्या कुत्र्याच्या. टायगर नाव त्याचं. साहेब काम करत आणि तो पायाशी बसून दांडी चावत असे."

मास्तर, शहरातले सगळ्यात जुने शिंपी, तीन मुलांचे बाप, हळूहळू तांबडे होत गेले. दात येत होते तेव्हा त्यांनी ती दांडी कशी खाल्ली, हे आबा प्रत्येक गिऱ्हाइकाला वाकून दाखवत असत.

"मला," आत्या म्हणाली, "जरा हवेत जायचंय." आणि तिनं एका हातानं भावाचा कोट आणि दुसऱ्या हातानं भावजयीचं मनगट पकडलं.

*

ती जागा हवेशीर अजिबात नव्हती. साहेबांच्या आंघोळीच्या खोलीत, पितळी कढईमागं, तिघं दाटीवाटीनं उभी होती.

"वाळवी लागली होती नाही का?" आत्यानं सुरुवात केली. "पोखरलं होतं नाही का? मी खुळ्यासारखी रडले गं त्या टेबलासाठी! आणि तू विकलंस!"

"हळू, वन्सं."

"का हळू? जाऊन सांगते आत्ता. हे टेबल आमचं आहे, खाचा माझ्या बापाच्या आहेत, पलिता ही आहे आणि कुत्रा हा आहे!"

"ताई!" मास्तर कळवळले.

"थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "विकलं मी. जुन्या लाकूडसामानाच्या व्यापाऱ्याला विकलं. मामंजी बुटके, टेबल त्यांच्या मापाचं. हे ताडमाड उंच. जन्मभर त्यावर कमरेत वाकून कापड कापलं यांनी. रात्री कूस बदलता येत नव्हती, आठवतंय का? टेबल बदला म्हटलं की म्हणायचे, आबांचं आहे. आबा गेले, पण टेबल काही कंबर सोडेना! मग वाळवी लावली मी. माझ्या नवऱ्याची कंबर मला टेबलापेक्षा प्यारी आहे, घ्या!"

मास्तर बायकोकडे बघत राहिले. नवीन उंच टेबल आलं आणि कंबर सुधारली, ती आपण त्या वर्षी लावलेल्या तेलामुळं, असं ते आजवर सगळ्यांना सांगत होते.

"आणि त्या व्यापाऱ्याला ते साहेबाचं आहे असं कुणी सांगितलं?" आत्यानं विचारलं, पण जरा खालच्या पट्टीत.

"मीच सांगितलं. मामंजी सगळ्यांना तेच सांगायचे ना? बंगल्यावरून आणलं, साहेबानं जाताना स्वतः दिलं, म्हणून. मी तेच सांगितलं."

"मग प्रश्नच मिटला!" मास्तरांचा चेहरा उजळला. "टेबल मुळात इथलंच. आबांकडे आलं, परत इथं गेलं. क्युरेटरांचं काही चुकलेलं नाही. खुणा तेवढ्या आपल्या, त्यात काय मोठंसं."

आत्या गप्प झाली. ती आपणहून गप्प झाली, हे दोघांच्याही लगेच लक्षात आलं.

"ताई?"

"गल्लीतल्या सुतारानं केलं ते," आत्या कढईकडे बघत म्हणाली. "पडक्या गोदामाच्या दोन दारांचं. मी फ्रॉकात होते, भुसा गोळा करायला बसवलं होतं मला. आबा साहेबाच्या बंगल्याच्या फाटकातसुद्धा कधी गेले नाहीत. गिऱ्हाईक यावं म्हणून रंगवून सांगायचे. मला म्हणाले, पोरी, कुणाला बोलायचं नाही. नाही बोलले."

"मलाही नाही?"

"तू बाळ होतास. दांडी चावत होतास."

मास्तर कढईच्या काठावर टेकले. ते करायचं नाही अशी पाटी तिथं होती. आबांनी आपल्यालाही गिऱ्हाईकच धरलं, हे त्यांना आत कुठंतरी फार लागलं. आणि हसूही यायला लागलं. म्हणजे आबांनी थाप मारली, ताईनं ती सांभाळली, बायकोनं ती विकली, आणि आता सरकारनं तिला दिवा लावलाय.

"आता बोला, वन्सं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जायचंय सांगायला? मी येते बरोबर."

*

इकडे अभ्यासिकेत बॉबिनची अवस्था कात्रीत सापडल्यासारखी झाली होती. त्यानंही टेबल ओळखलं होतं. खात्री करायला म्हणून क्युरेटरांची पाठ वळताच त्यानं दोरीवरून हात घालून टेबलाच्या खालची बाजू चाचपली. शाळेत असताना चिकटवलेलं च्युइंगम जागच्या जागी होतं.

"तुमच्या आत्याबाई स्पष्ट बोलणाऱ्या दिसतात," क्युरेटर म्हणाले.

"आज काहीच बोलल्या नाहीत त्या," बॉबिन घाईनं म्हणाला.

"कोटाबद्दल खोकल्या ना. पुतळ्याचा कोट चुकीचा आहे, मलाही ठाऊक आहे, दुसरा मिळत नाही." ते चष्मा पुसायला लागले. "तुम्हाला खरं सांगतो. मुलगी देताना मी घर-पैसा बघत नाही. खरं बोलणारी माणसं बघतो. माझं सगळं आयुष्य खरं आणि नकली वेगळं करण्यात गेलं. या बंगल्यातलं सामान लोकांनी केव्हाच पळवलं होतं. पुष्कळ वर्षं मी रिकाम्या खोल्या दाखवत होतो. लोक हसायचे. मग हे टेबल सापडलं, आणि लोक यायला लागले. म्हणून आज तुमच्या आत्याबाईंना विचारणार आहे, टेबल कसं वाटलं. जे घर तोंडावर खरं सांगेल, त्या घरात माझी मुलगी सुखी राहील."

बॉबिननं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या खाली वाकून दांडीवरच्या दातांच्या खुणा बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी मान वर करून बॉबिनच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं तोंड मिटून घेतलं.

खरं सांगितलं तर या माणसाचं टेबल जाणार. खोटं सांगितलं तर मुलगी जाणार. आणि सांगणार कोण, तर आत्या! बॉबिननं मनातल्या मनात लग्नाला राम राम ठोकला.

तेवढ्यात तिघं परत आली. आत्या पुढं होती. तिच्या एका हातात अजूनही भावजयीचं मनगट होतं, पण आता ते पकडलेलं वाटत नव्हतं.

"या, आत्याबाई," क्युरेटर म्हणाले. "तुम्हाला एक विचारायचंय. आडपडदा न ठेवता सांगा. टेबल कसं वाटलं?"

आत्या दोरीपर्यंत गेली. मास्तरांनी डोळे मिटले. मास्तरीणबाईंनी पदर तोंडाशी नेला.

आत्याला टेबलाची खरंच कीव आली. इतकं पुसूनपासून, तेल लावून, दिव्याखाली उभं केलं होतं, आणि एक कात्री नाही की खडूचा कण नाही. बापाच्या खाचा होत्या, भावाचे दात होते, भावजयीचा डाग होता. प्रत्येकाला पाटी मिळाली होती. आपण जन्म काढला इथं, आणि आपलं काहीच नाही, असं तिच्या मनात आलं. मग तिला खिडकीकडच्या बाजूचा तो खोलगट भाग दिसला. कडेचं लाकूड तिथं झिजून गुळगुळीत झालं होतं.

"इथं पाटी नाही," ती म्हणाली.

"नाही," क्युरेटर कबूल झाले. "तेवढं एक मला आजपर्यंत उलगडलं नाही. कशानं झिजलं, कळत नाही. उगाच काहीतरी लिहायचं नव्हतं, म्हणून रिकामं ठेवलं."

"मी सांगू?"

"सांगा ना!"

"इथं एक बाई बसायची," आत्या म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघत होता. "लग्न झालेली, पण ते काही धड टिकलं नाही. माहेरी परत आली. परत आलेल्या बाईला घरात जागा लागते ना, तर ही खिडकीकडची जागा तिची. उजेड चांगला यायचा. डावं कोपर इथं टेकायचं आणि उजव्या हातानं टाके घालायचे. दिवस दिवस. कुणी काही विचारायचं नाही, तिनंही काही सांगायचं नाही. रडू आलं तर सुईत दोरा ओवायचा, म्हणजे मान खाली राहते. ते कोपर आहे. दुसरं काही नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. इतकी वर्षं ताई खिडकीपाशी काजं करत बसायची, आणि तिला उजेड हवा असतो म्हणून बसते, असंच ते समजत आले होते. मास्तरीणबाई मुकाट्यानं वन्संच्या जवळ सरकल्या.

क्युरेटरांच्या हातातला चष्मा तसाच राहिला होता.

"साहेबांची बहीण!" ते एकदम ओरडले. "होती! साहेबांची एक बहीण इथं राहत होती, नवऱ्याला सोडून आलेली! भरतकाम करायची, तिचे रुमाल आहेत वर! आत्याबाई, मला कसं सुचलं नाही हे? मी पुरुषांनीच वापरलेलं टेबल समजत होतो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"टाके घालणाऱ्या बाईला कळतं," आत्या म्हणाली. आणि हेही अक्षरशः खरं होतं.

"पाटी लावणार मी! या आठवड्यातच!" क्युरेटर बॉबिनकडे वळले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. "चला, वर चला. चहा थंड होईल. आणि बोलून टाकू सगळं. तारखेचंच बोलू."

*

चहा झाला, तारखेचं बोलणं झालं. पियानोवरची धूळ कुणीतरी पुसत होतं, तोवर मंडळी खाली उतरली. फाटकापाशी खोळी काढायला मास्तर बाकावर बसले. वाकायला त्यांना अजून जड जात होतं. डॉक्टरीणबाई पटकन खाली बसल्या आणि त्यांच्या बुटावरची खोळ सोडवू लागल्या.

"अहो, राहू द्या."

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "कुत्र्याच्या चावण्यात अशी मधोमध फट नसते."

मास्तरांच्या कानशिलापर्यंत रंग चढला. वडिलांना सांगणार का, असं त्यांनी नजरेनंच विचारलं.

"बाबा खरं-खोटं फार करतात," त्या दुसरी खोळ काढत म्हणाल्या. "पण कोपराचं ऐकताना त्यांचा चेहरा बघितलात ना? एवढं खरं त्या बंगल्यात आजवर कुणी बोललं नव्हतं. बाकीचं सांगेन मी त्यांना. नातवंडं झाली की. त्यांचे दात दाखवून."

आणि मास्तर हसले. तोंड मिटायचं राहूनच गेलं. सगळी फट, आबांपासून आलेली, भर दुपारच्या उन्हात दिसली.

गाडीत मागच्या सीटवर आत्या आणि मास्तरीणबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. सीटवर आणखी एका माणसाची जागा मोकळी होती, पण दोघीही एकमेकींपासून सरकायला तयार नव्हत्या.

"साहेबाची बहीण म्हणजे सोपं काम नाही," आत्या सांगत होती. "जरा नीट वागत जा माझ्याशी. आणि तू बंड आहेस, हे विसरू नकोस."

"नाही विसरत, वन्सं. चहात साखर किती घेता आता? बहीण झाल्यावर?"

"खोटं एक अक्षर बोलले का मी? बोल, बोलले का?"

"नाही हो."

आत्यानं खिडकीची काच खाली केली. बाकावर मास्तर अजून होणाऱ्या सुनेशी काहीबाही बोलत, तोंडभर हसत बसले होते. भावाला असं हसताना तिनं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले की ती नेहमी करायची तेच तिनं केलं. ती ओरडली.

"टायगर! चल रे, गाडीत बस!"

मास्तर उठले आणि मुकाट्यानं गाडीत येऊन बसले.